सिस्टिमसाहेब, तुम्ही तर जागेवरच होतात!

प्रति,
मा. सिस्टिमसाहेब,
पीआयडी ४, पोर्ट क्र. ४४५,
मु. पो. ०.०.०.० (म्हणजे सगळीकडे).

विषय : आपण कायम जागेवर असता, असा शोध लागल्याबद्दल अभिनंदन.
संदर्भ : ‘नेटस्टॅट’ने केलेला पंचनामा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी जव्हारमध्ये एक लहानसं सेवा केंद्र चालवतो. दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत एक बाकडं, एवढाच पसारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशन कार्डात नाव घालणं, काढणं. या खोलीत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा घेतलं जाणारं नाव देवाचं नाही, आपलं आहे. ‘सिस्टिम बंद आहे.’ ‘सिस्टिम घेत नाहीये.’ ‘सिस्टिममध्ये दिसत नाही.’ ‘सिस्टिमच तशी आहे, आम्ही काय करणार?’ मीच बोलतो हे, दिवसातून पंचवीसदा.

मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक आजी नातवाच्या दाखल्यासाठी येतात. आधी चालत रस्त्याला, मग एसटीने जव्हारला. तिसऱ्या खेपेलाही मी ‘सिस्टिम बंद’ म्हटल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि शांतपणे विचारलं, “हा सिस्टिमसाहेब बसतो तरी कुठं? एकदा मलाच भेटव. मी बोलते त्याच्याशी.”

बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला वाटायचं, असा कोणी साहेब नसतोच.

साहेब, आपण सापडलात.

सापडलात तेही माझ्या हुशारीने नव्हे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकची माणसं धबधबे बघायला जव्हारला येतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या तेव्हा भाड्याने जातात. खोल्यांचं आणि माझ्या केंद्राचं वायफाय एकच. बिल अर्धं अर्धं, म्हणजे माझ्या दृष्टीने काटकसर. एका शनिवारी वरच्या खोलीतली एक मुलगी लॅपटॉप उघडाच हातात घेऊन खाली आली. म्हणाली, “काका, ‘स्कॅन’ नावाचं फोल्डर तुमचं आहे का? माझ्या लॅपटॉपवर दिसतंय.”

मी बघितलं. चार वर्षांत माझ्या स्कॅनरखालून गेलेली आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, शाळा सोडल्याचे दाखले, वनहक्काच्या दाव्यांचे कागद, सगळं तालुक्याच्या आणि गावाच्या नावाने नीट लावून ठेवलेलं. ती नीटनेटकी मांडणी माझीच. अभिमान वाटायचा मला तिचा. मुलगी म्हणाली, “मी काही उघडलं नाही हं. पण पासवर्ड विचारलाच नाही त्याने.”

ती वर गेली आणि मी शटर अर्धं खाली ओढलं. शटर ओढून काय होणार होतं? चोर दारातून येणारच नव्हता. पण माणसाला दार म्हटलं की शटरच आठवतं.

मग मी काळी खिडकी उघडली, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, आणि टाइप केलं : नेटस्टॅट, एक मोकळी जागा, उणे चिन्ह, ए-एन-ओ. ‘ए’ म्हणजे सगळे दाखव, ‘एन’ म्हणजे नावं नकोत, आकडे सांग, आणि ‘ओ’ म्हणजे प्रत्येक दारामागे कोण बसलंय त्याचा क्रमांक दे. ओळींमागून ओळी खाली घरंगळल्या. त्यातली एक आपली :

टीसीपी – ०.०.०.०:४४५ – ०.०.०.०:० – लिसनिंग – ४.

माझ्या बाकड्यावरच्या माणसांना समजावं म्हणून ही ओळ मराठीत सांगतो. संगणकाला दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. शून्यापासून ६५,५३५ पर्यंत, टीसीपीची वेगळी आणि यूडीपीची वेगळी. बहुतेक दारं म्हणजे नुसते क्रमांक, मागे कोणीच नसतं. पण एखादा प्रोग्रॅम एखाद्या क्रमांकामागे खुर्ची टाकून, कान टवकारून बसतो. ते ‘लिसनिंग’. कोणी ठोठावलं की तो ‘बोला’ म्हणतो. दारापुढचा पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो फक्त घरातल्यांचंच ऐकतो, परसदारची खिडकी म्हणा. पण पत्ता ०.०.०.० असेल तर तो येईल त्या रस्त्याने येणाऱ्या कोणाचंही ऐकायला तयार असतो. मुख्य दार, मागचं दार, गोठ्याचं दार, सगळीकडे साहेब एकटेच आणि एकाच वेळी हजर.

तक्त्याला दोन मुख्य रकाने असतात : ‘लोकल अ‍ॅड्रेस’ आणि ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’. मोखाड्याच्या माणसाला ही मांडणी शिकवावी लागत नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. लोकल अ‍ॅड्रेस मोखाडा, फॉरेन अ‍ॅड्रेस मुंबई, स्थिती ‘एस्टॅब्लिश्ड’. नेटस्टॅट आमच्याकडे नळाशिवायच चालतं.

असो. आता शेवटचा आकडा. तो पीआयडी, म्हणजे दारामागे बसणाऱ्याचा बिल्ला. कोणता बिल्ला कोणाचा, हे ‘टास्कलिस्ट’ सांगते. तिथे मात्र पहिल्यांदा बोहाडाच दिसला. एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट... पन्नासेक जण एकाच नावाने वावरत होते. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात रात्री मुखवटे नाचत येतात. गणपती येतो, रावण येतो, भीम येतो. पण कोणत्या मुखवट्यामागे कोणत्या आळीचा कोण, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं आणि सकाळी मुखवटा उतरतो. इथे सकाळ करावी लागते. ‘टास्कलिस्ट’पुढे तिरपी रेघ देऊन ‘एसव्हीसी’ लिहिलं, की मुखवटे खाली येतात. १३५ क्रमांकावर बसलेला एसव्हीसीहोस्ट म्हणजे आरपीसीवाला, घरातल्या प्रोग्रॅमांना एकमेकांचे पत्ते सांगणारा. ७६८० वरचा अपडेट शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून घेणारा. ३३८९ वरचा लांबून अख्खा संगणक चालवू देणारा, रिमोट डेस्कटॉप. तो माझ्याकडे कशाला बसला होता, ते पुढे येईल.

सगळ्यांचे मुखवटे उतरले. मग आपली ओळ आली. बिल्ला क्रमांक : ४. नाव : सिस्टिम. आणि पुढे ‘सेवा’ या रकान्यात : एन/ए. म्हणजे लागू नाही.

साहेब, मी खुर्चीत मागे रेललो. वीस वर्षं आम्ही जे लोकांना तोंडी सांगत आलो, ते इथे संगणकाने लेखी दिलं होतं. हुद्दा : सिस्टिम. सेवा : लागू नाही.

मी आपल्याला ‘एंड टास्क’ म्हणून बघितलं. आपण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणालात. बरोबरच आहे, साहेबांची बदली अशी खालून होते का? आपण विंडोजच्या गाभ्यातच बसता. फायली आणि प्रिंटर शेअर करण्याचं काम तिथूनच चालतं, म्हणून ४४५ समोर कोणा गरीब प्रोग्रॅमचं नाव येत नाही, थेट आपलंच येतं. कोणी बिल्ला ४ बघितला की ‘अरे, हा तर सिस्टिमचाच’ म्हणून पुढे जातो. सरकारी कागदावरचा गोल शिक्का बघून जातो तसा.

पण मला मुळात आपल्याला नेमलं कोणी, हे शोधायचं होतं. ते सापडलं, आणि सापडल्यावर कोणाकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.

चार वर्षांपूर्वी एक तंत्रज्ञ दादा आला होता. मी म्हटलं होतं, “दुसऱ्या संगणकावरून प्रिंट निघाली पाहिजे, बाकी काही नको.” एवढीच माझी मागणी. पासवर्ड जुळेना, पाऊस वाढला, त्याची शेवटची गाडी जायची वेळ झाली. त्याने पासवर्डवालं शेअरिंगच बंद केलं, अख्खी डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ करून टाकली, वायफायचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं आणि जाता जाता रिमोट डेस्कटॉपही चालू करून ठेवला. म्हणजे पुढच्या वेळी एसटीचं भाडं वाचेल, त्याचं आणि माझं. “आता कटकट नाही काका,” म्हणाला. मी त्याला वर चहा पाजला.

जव्हारच्या माणसाने खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाची आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्याने जव्हार धरून असलेल्या सरदाराकडे बैलाचं एक कातडं मावेल एवढीच जागा मागितली. समोरच्याने हसून होकार दिला. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या, त्या टोकाला टोक जोडून पसरल्या, आणि त्या वेढ्यात सरदाराची सगळी जमीन आली. मी प्रिंटरपुरतं कातडं दिलं होतं, साहेब. चार वर्षांनी बघतो तर दोन तालुक्यांची आधार कार्डं वेढ्यात.

आता आपला पूर्वेतिहास. आपण ४४५ वर विंडोज २००० च्या काळापासून बसता, तेव्हा अनुभवी आहात. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या या खिडकीतलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्याकडे १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त संगणक, प्रत्येकाच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. त्याने कोणाला फसवी लिंक दाबायला लावली नव्हती. ४४५ उघडं दिसलं की ते आत, आणि तिथून पुढच्या घराचं ४४५.

त्यातून शहाणपण यायला दीड महिना पुरला नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आलं. ते युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं. पण एकदा आत आल्यावर या संगणकावरून त्या संगणकावर उड्या मारायला त्याला आपली खिडकी आणि चोरलेले पासवर्ड पुरले. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. आणि तिच्याच समूहाकडे चालवायला असलेलं, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत, जहाजं शाबूत, समुद्र तर होताच. फक्त कोणत्या कंटेनरमध्ये काय आणि तो कोणाचा, हे सांगणारं कोणी उरलं नाही. मर्स्कने पुढे जाहीर केलं, की दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर.

म्हणजे बघा, साहेब, संगणकातली पोर्टं उघडी होती म्हणून समुद्रावरचं पोर्ट बंद पडलं. आपली कामाची पद्धत एका वाक्यात सांगायची तर हीच : ज्याला यायला नको त्याला चोवीस तास उघडं, आणि जो कामासाठी आलाय त्याला बंद.

आमच्या जिल्ह्यात ‘पोर्ट’ या शब्दाची आणखी एक गंमत आहे. त्या शनिवारी मी फोनवर पुतण्याला मोठ्याने सांगत होतो, “आधी पोर्ट बंद करायचंय!” बाकड्यावर बसलेले एक गृहस्थ ताडकन उठले. “वाढवणचं? खरंच बंद होतंय?” पालघरमध्ये पोर्ट म्हणजे वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झालेलं, ७६ हजार कोटींचं आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केलेलं. मी म्हटलं, “नाही हो. माझं. ४४५ नंबरचं.” ते निराश होऊन खाली बसले.

न्यायाने वागायचं म्हणून आपली बाजूही ऐकली. आपलं म्हणणं असं, की नुसतं कान देऊन बसणं हा गुन्हा नव्हे. मान्य. ‘लिसनिंग’ दिसलं म्हणजे बाहेरचा माणूस पोहोचतोच असं नाही, मध्ये फायरवॉल असते. रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘लिसनिंग पोर्ट्स’चा तक्ता उघडला, की प्रत्येक दारापुढे फायरवॉल अडवते की सोडते, हेही लिहिलेलं असतं. आपल्यापुढे ‘सोडते’ असं होतं, कारण नेटवर्क ‘प्रायव्हेट’. म्हणजे ‘सगळे घरचेच’. पावसाळ्यात वरच्या चार खोल्यांत मिळून घरचे किती होतात, ते मालकाच्या रजिस्टरला माहीत.

शिवाय आतून दार बघणं वेगळं आणि बाहेरून ढकलून बघणं वेगळं. म्हणून पुतण्याने त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून ‘एनमॅप’ चालवून माझा संगणक ठोठावून बघितला. त्याच्याकडे नेटस्टॅटऐवजी ‘एसएस’ नावाची आज्ञा असते, पण साहेब तिथेही याच पद्धतीने सापडतात. १३५ उघडं, ४४५ उघडं, ३३८९ उघडं. “काका, हे फक्त आपल्याच मशीनवर करायचं बरं का,” तो म्हणाला, “दुसऱ्याचं दार ढकललं तर आयटी कायदा लागतो.” वरच्या मुलीने ढकललं नव्हतं, दार आपणच तिच्या लॅपटॉपवर नेऊन दाखवलं होतं.

तरी खालीलप्रमाणे कार्यवाही करण्यात आली आहे, याची नोंद घ्यावी :

१) डी ड्राइव्हचं शेअरिंग रद्द. पासवर्ड पुन्हा लागू. प्रिंटरला वायर; दुसऱ्या संगणकावरची प्रिंट पेन ड्राइव्हने चालत येते, तीन पावलं.
२) नेटवर्क ‘पब्लिक’. वरच्या खोल्यांचं वायफाय वेगळं. बिल आता पूर्ण भरतो.
३) रिमोट डेस्कटॉप बंद. तंत्रज्ञ दादाने एसटीने यावं, भाडं मी देईन.
४) ‘सर्व्हर’ नावाची सेवा कायमची बंद करून संगणक पुन्हा चालू केला. त्यानंतर केलेल्या पंचनाम्यात ४४५ ची ओळ आढळून आली नाही.
५) जुनी स्कॅन ज्याचं त्याचं काम झाल्यावर पुसणे. हे मी चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. यात आपला दोष नाही.

१३५ वाला अजून बसून आहे. त्याला उठवलं तर घरच कोलमडतं. पण आता त्याच्यापुढे फायरवॉल उभी आहे. प्रत्येकाला हाकलता येत नाही, कोण कुठे बसलंय ते मात्र ठाऊक असलं पाहिजे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी नेटस्टॅटची यादी छापून भिंतीला लावतो, आणि नवी ओळ दिसली की तिचा मुखवटा उतरवतो.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण मंगळवारी आजी आल्या. चौथी खेप.

मी म्हटलं, “आजी, तो सिस्टिमसाहेब सापडला.”

“हो? काय म्हणाला?”

“जागेवरच होता. रोजच असतो.”

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं. “मग आता माझा कागद होईल?”

मी साइट उघडली. गोल चक्र फिरायला लागलं. सवयीने तोंडात शब्द आला, ‘सिस्टिम...’, पण या वेळी मी तो गिळला आणि काळ्या खिडकीत पंचनामा काढला. त्यात एक ओळ होती. लोकल अ‍ॅड्रेस माझा, फॉरेन अ‍ॅड्रेस त्या साइटचा. स्थिती ‘लिसनिंग’ नव्हती, ‘एस्टॅब्लिश्ड’ही नव्हती. तिथे लिहिलं होतं : एसवायएन-सेंट.

साहेब, या शब्दाचा अर्थ असा, की इकडून दार ठोठावलं आहे आणि तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. विंडोज पुन्हा ठोठावते, पुन्हा ठोठावते आणि वीसेक सेकंदांनी नाद सोडते. ओळ यादीतून निघून जाते.

आजी दुपारच्या गाडीपर्यंत बसल्या होत्या.

कळावे,

आपला, नाइलाजाने विश्वासू,
सेवा केंद्र चालक, जव्हार.

प्रत माहितीसाठी :
१) विंडोज फायरवॉल – आता तरी जागे राहणे.
२) आजी, बाहेरचं बाकडं – स्थिती : एसवायएन-सेंट.